पट आणि गच्ची

शाळांच्या सुवर्णमहोत्सवी आणि शताब्दी स्मरणिका जमवायची मला जुनी सवय आहे. गिरगाव, दादर, परळ इथल्या शाळांच्या बऱ्याच जमल्या आहेत. त्यात संस्थापकांचे फोटो असतात, मॅट्रिकला बोर्डात आलेल्यांची यादी असते, कोण नट झालं, कोण न्यायाधीश झालं हे असतं. इमारतीला एखादं पान. कोनशिला कोणी बसवली, उद्घाटनाला कोण आलं होतं, संपलं. पुढची साठ-सत्तर वर्षं ती इमारत कोणाच्या पैशानं टिकली, हे क्वचितच सापडतं. म्हणून आज त्याबद्दल थोडं.

मुळात शाळेला स्वतःची इमारत असते ही कल्पनाच नंतरची. १८४८ साली स्थापन झालेल्या स्टुडंट्स लिटररी अँड सायंटिफिक सोसायटीनं पुढच्याच वर्षी मुलींच्या शाळा काढल्या, तेव्हा नाना शंकरशेटांनी गिरगावातल्या आपल्या वाड्यात जागा दिली. वाड्यातल्या शाळेला छपराची वेगळी काळजी नसते. घर शाकारलं की शाळाही शाकारली जाते.

१८५४ च्या वुडच्या खलित्यानं खाजगी शाळांना सरकारी अनुदानाची वाट उघडली. मुंबई इलाख्यात ते पुढे निकालावर देत. इन्स्पेक्टर यायचे, मुलांची परीक्षा घ्यायचे, जितकी पास तितके पैसे. आज वाचताना हसू येतं, पण त्यातली एक गोष्ट पुढे टिकली. अनुदानाचं माप मुलांच्या संख्येला लागलं, भिंतींना नाही.

भिंतींसाठी दाते होते. छबिलदास लल्लुभाईंसारखी नावं आपण शाळांची नावं म्हणूनच ओळखतो. दानशूरपणाबद्दल शंका नाही, पण दान मिळायचं ते बांधायला. दात्याचं नाव दगडात कोरता येतं. गळकी गच्ची दुरुस्त करून देणाऱ्याचं कुठे कोरणार?

गिरणगावात चित्र थोडं वेगळं. ना. म. जोशींनी १९११ मध्ये सोशल सर्व्हिस लीग काढली, कामगारांसाठी रात्रीच्या शाळा सुरू झाल्या. १९२० साली मुंबई शहराचा प्राथमिक शिक्षणाचा कायदा झाला आणि १९२५ मध्ये एफ आणि जी वॉर्डांत, म्हणजे परळ, दादर, वरळी या बाजूला, सक्तीचं शिक्षण आलं. सक्ती म्हटली की वर्गखोल्या हव्यात. मिळेल तिथे भाड्याच्या खोल्या घेतल्या गेल्या, नंतर हळूहळू पालिकेच्या इमारती उठल्या. दादरला हिंदू कॉलनीत किंग जॉर्ज, म्हणजे आजचं राजा शिवाजी विद्यालय, शिवाजी पार्कला १९४० साली दादासाहेब रेग्यांचं बालमोहन. या भागातल्या शाळांच्या बऱ्याच इमारती १९७० च्या आतल्या आहेत, हे लक्षात असू द्या.

जुन्या इमारती विटा-दगडाच्या, चुन्याच्या, सागवानी तुळयांच्या. नंतरच्या सिमेंट-काँक्रीटच्या. लोकांना वाटतं काँक्रीट म्हणजे कायमचं. समुद्राला लागून असलेल्या आणि वर्षाला सरासरी दोन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडणाऱ्या शहरात तसं नसतं. गच्चीच्या कोब्याला बारीक तडा जातो, पाणी स्लॅबमध्ये उतरतं, आतली सळई गंजते. गंजलेलं लोखंड फुगतं, मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतं आणि खालचं काँक्रीट ढकलून पाडतं. वर्गात पडलेला पोपडा दिसतो तो शेवटी. सुरुवात गच्चीवर, बहुधा पिंपळाची पानं अडकून तुंबलेल्या पन्हळीपाशी झालेली असते. ती पन्हळ मे महिन्यात साफ करायला दोन माणसं आणि एक दिवस पुरतो. तेच दहा वर्षं राहिलं तर पराती बांधून अख्खा मजला रिकामा करावा लागतो.

हे सगळ्यांना कळतं. मग होत का नाही?

१८ जानेवारी १९८२ ला गिरणी संप सुरू झाला. त्यानंतरच्या वर्षांत परळ-लालबागची कुटुंबं गावी गेली, डोंबिवलीला गेली, विरारला गेली. राहिलेल्यांची मुलं इंग्रजी माध्यमाकडे वळली. मराठी शाळांचा पट उतरला. पट उतरला की संचमान्यतेत शिक्षक कमी होतात, शिक्षक कमी झाले की पगाराचा आकडा खाली येतो, आणि वेतनेतर अनुदान त्या आकड्याच्या टक्केवारीनं मिळतं. खडू, वीजबिल, रंग, डागडुजी, सगळं त्यातूनच. हे अनुदानही २००४-०५ पासून थांबलं. २०१३ मध्ये पुन्हा सुरू झालं ते पाच टक्क्यांनी, आणि तेही पाचव्या वेतन आयोगाचा जुना पगार धरून. फी घ्यायची सोय अनुदानित शाळेला जवळपास नाहीच.

आता हिशेब बघा. दोन हजार मुलांसाठी बांधलेली इमारत, मुलं उरली तीनशे. अनुदान तीनशेंच्या हिशेबानं. पण पाऊस पटावर पडत नाही, गच्चीवर पडतो, आणि गच्ची दोन हजारांचीच आहे.

मी नोकरी केली त्या शाळेत जूनमध्ये वर्ग लावायचं काम वेळापत्रकाइतकंच अवघड असे. कुठला वर्ग कुठल्या खोलीत हे गळतीवर ठरायचं. सातवी 'ब' तीन वर्षं प्रयोगशाळेत बसली. इमारतीच्या दुरुस्तीसाठी वेगळं बाजूला ठेवलेलं खातं मी माझ्या सगळ्या नोकरीत पाहिलं नाही. उलट आमच्या चाळीच्या जागी सोसायटी झाली तेव्हा कळलं, की गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींत सिंकिंग फंड असतो, बांधकाम खर्चाच्या निदान पाव टक्का दरवर्षी, आणि दुरुस्ती निधी पाऊण टक्का. वीस घरांच्या सोसायटीला जे सुचतं ते शाळेच्या अंदाजपत्रकात का नसावं?

काही शाळांनी सभागृह भाड्यानं देऊन मार्ग काढला. दादरच्या छबिलदासमध्ये १९७४ पासून 'आविष्कार'ची नाटकं झाली, मराठी रंगभूमीला त्यातून एक चळवळ मिळाली. असं भाग्य सगळ्या सभागृहांच्या वाट्याला येत नाही. बाकी ठिकाणी लग्नं आणि साड्यांचे सेल. मला त्यात गैर वाटत नाही, पैसा गच्चीपर्यंत पोचला तर.

२००९ पासून मुंबई महापालिका कायद्याच्या कलम ३५३-ब नुसार तीस वर्षांवरच्या इमारतींना स्ट्रक्चरल ऑडिट करून घ्यावं लागतं. चांगला कायदा आहे. पण ऑडिट म्हणजे निदान, औषध नव्हे. अहवाल येतो, इमारत सी-१ ठरली तर रिकामी करून पाडायची, सी-२ किंवा सी-३ असली तर कमीअधिक दुरुस्ती. ती दुरुस्ती कोणत्या पैशानं, हे अहवालात नसतं. मग पुनर्विकासवाला येतो आणि त्याच्याकडे सगळी उत्तरं असतात.

श्रीमंत देशांतही हे घडतं. इंग्लंडमध्ये २०२३ च्या ऑगस्टअखेरीस, सत्र सुरू व्हायला दोन-चार दिवस असताना, शंभराहून अधिक शाळांना हलक्या सच्छिद्र काँक्रीटची छतं असलेले भाग बंद करायला सांगितलं. तिथे निदान आधी बंद केलं. आपल्याकडे राजस्थानात झालावाड जिल्ह्यातल्या पिपलोदी गावी २५ जुलै २०२५ ला सकाळी सरकारी शाळेचं छत कोसळलं आणि सात मुलं गेली. ती बातमी वाचल्यावर मला आमची सातवी 'ब' आठवली.

मध्यंतरी एका शाळेच्या माजी विद्यार्थ्यांनी बैठकीला बोलावलं होतं. चांगली रक्कम जमली होती. मी म्हटलं, गच्चीचा कोबा नवा करून घ्या. एक जण नम्रपणे म्हणाला, "सर, बॅचचं नाव गच्चीवर कोण वाचणार?" बरीच चर्चा झाली आणि प्रोजेक्टर आला. तो वरच्या मजल्यावर लावलाय, नावाची पाटी दारापाशीच आहे. पावसाळ्यात त्यावर प्लास्टिक घालतात.