आकाशातील अंतर कोण राखते?

नकाशावर मुंबई आणि नागपूर हे दोन बिंदू पट्टीने जोडले, तर ती रेघ वाशीम जिल्ह्याच्या उत्तर टोकाला, कारंजाजवळून जाते. निरभ्र दिवशी शाळेच्या मैदानावरून उंच आकाशातील विमान आणि त्यामागची पांढरी शेपटी दिसली, की मुले हमखास विचारतात : वर रस्ता नाही, सिग्नल नाही, मग विमाने एकमेकांवर आदळत कशी नाहीत? प्रश्न साधा आहे. उत्तरासाठी मात्र आपल्याला थोडे इतिहासात जावे लागेल, आणि त्याची सुरुवात विदर्भातूनच करता येईल.

मध्यरात्रीचे नागपूर

१९४९ साली भारतात रात्रीची हवाई टपाल सेवा सुरू झाली. मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रास येथून रात्री एकेक विमान निघे. मध्यरात्रीच्या सुमारास ही विमाने नागपूरला, सोनेगावच्या विमानतळावर उतरत. तेथे टपालाच्या थैल्यांची अदलाबदल होई आणि सकाळपर्यंत प्रत्येक विमान आपापल्या शहरी परते. चारही शहरांच्या साधारण मध्यावर असल्याने हा मान नागपूरला मिळाला.

चार दिशांनी विमाने येणार, तीही जवळपास एकाच वेळी, अंधारात. आणि मार्गावर रडार नाही. त्या काळी अशा ठिकाणी जगभर एकच पद्धत होती. वैमानिक रेडिओवरून आपले स्थान, उंची आणि पुढच्या टप्प्यावर पोहोचण्याची अंदाजे वेळ कळवी. नियंत्रक ती माहिती कागदाच्या अरुंद पट्टीवर लिही. प्रत्येक विमानाची एक पट्टी. त्या एकाखाली एक मांडून, दोन विमानांची वेळ आणि उंची जुळत नाही ना, हे तो पडताळून पाही. जुळत असेल, तर एकाला वेगळी उंची देई किंवा घिरट्या घालत थांबायला सांगे. त्याला विमान दिसत नसे. आकाशाचे चित्र त्याने मनात उभे करायचे असे.

अंतर घटले, काम वाढले

या पद्धतीत एकाच मार्गावर, एकाच उंचीवर मागेपुढे जाणाऱ्या दोन विमानांत साधारणपणे दहा मिनिटांचे अंतर ठेवतात. ताशी ९०० किलोमीटर वेगाच्या जेट विमानासाठी हे अंतर १५० किलोमीटर होते, म्हणजे वाशीम ते अकोला या अंतराच्या जवळपास दुप्पट. रडार आल्यावर मार्गावरील हे अंतर अनेक ठिकाणी पाच सागरी मैलांवर, म्हणजे सुमारे सव्वानऊ किलोमीटरवर आले. उंचीच्या बाबतीतही तसेच झाले. २९,००० फुटांच्या वर दोन विमानांत पूर्वी २,००० फूट अंतर लागे. उंची मोजणारी उपकरणे अधिक अचूक झाल्यावर, नोव्हेंबर २००३ पासून भारतातही ४१,००० फुटांपर्यंत ते १,००० फूट करण्यात आले.

यामुळे त्याच आकाशात अधिक विमाने मावू लागली. पण चूक सुधारायला मिळणारा वेळ कमी झाला. समोरासमोर येणारी दोन जेट विमाने मिनिटाला तीस किलोमीटर जवळ येतात. सव्वानऊ किलोमीटर संपायला अठरा-एकोणीस सेकंद लागतात. एका माणसावरचा भार हलका करण्यासाठी आकाशाचे विभाग पाडतात आणि प्रत्येक विभाग वेगळ्या नियंत्रकाकडे देतात. मात्र जितके विभाग अधिक, तितकी विमाने एकाकडून दुसऱ्याकडे सोपवण्याची बोलणीही अधिक. आणि चुका बहुधा या सोपवण्यातच शिरतात.

मुंबईचे उदाहरण घेऊ. तेथील दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, म्हणून दोन्ही एकाच वेळी वापरता येत नाहीत. तरीही ८ डिसेंबर २०१८ रोजी चोवीस तासांत तेथे १,००७ विमानांचे चढउतार झाले. भागाकार केला, तर सरासरी दर ८६ सेकंदांना एक!

दोष कोणाचा?

१० सप्टेंबर १९७६ रोजी युगोस्लाव्हियातील झाग्रेबजवळ दोन विमानांची टक्कर होऊन १७६ माणसे मेली. वरच्या विभागाचा नियंत्रक त्या वेळी एकटा होता. त्याचा सहकारी, पुढच्या पाळीचा माणूस आला नाही म्हणून त्याला शोधायला गेला होता. न्यायालयाने या एकट्या नियंत्रकाला सात वर्षांची शिक्षा दिली. त्याच्यावर झेपणार नाही इतके काम लादले होते, असे म्हणत सहव्यावसायिकांनी दाद मागितली आणि १९७८ साली त्याची सुटका झाली.

१२ नोव्हेंबर १९९६ रोजी हरियाणातील चरखी दादरीच्या आकाशात सौदी आणि कझाकस्तानी विमाने आदळून ३४९ जण मृत्युमुखी पडले. सौदी विमानाला १४,००० फुटांवर आणि कझाकस्तानी विमानाला १५,००० फुटांवर राहण्याची सूचना होती. दुसरे विमान ठरलेल्या उंचीच्या खाली आले, असे न्यायमूर्ती लाहोटी आयोगाला आढळले. पण दिल्लीच्या रडारवर विमानाची उंची दिसतच नव्हती. नियंत्रकाला वैमानिकाच्या सांगण्यावर विसंबावे लागे. शिवाय येणारी आणि जाणारी विमाने एकाच मार्गाने जात. पुढे हे मार्ग वेगळे झाले, उंची दाखवणारे रडार आले आणि विमानात टक्करसूचक यंत्र सक्तीचे झाले.

१ जुलै २००२ च्या रात्री जर्मनीतील युबरलिंगेनवर ७१ जण दगावले, तेव्हा दोन्ही विमानांत ते यंत्र होते. यंत्र एका वैमानिकाला ‘वर जा’ म्हणत होते, तर झुरिचचा नियंत्रक त्यालाच ‘खाली या’ सांगत होता. हा नियंत्रक एकटा दोन पडदे सांभाळत होता. दुरुस्तीमुळे काही यंत्रणा आणि मुख्य दूरध्वनी बंद होते. २००४ साली कुटुंब गमावलेल्या एका पित्याने त्याचा खून केला. २००७ साली स्विस न्यायालयाने मात्र नियंत्रण कंपनीतील चौघांना दोषी ठरवले. त्यांत व्यवस्थापक होते.

एकट्या माणसाला शिक्षा करण्यापासून कामाची मांडणी तपासण्यापर्यंतचा हा प्रवास आम्हांला फार मोलाचा वाटतो. २०२० पासून आंतरराष्ट्रीय नियमांतही नियंत्रकांच्या थकव्याविषयी तरतुदी आहेत. भारताच्या चारही उड्डाण माहिती क्षेत्रांचे नियंत्रण नागपुरात एकत्र आणण्याचा प्रस्ताव २०२४ साली पुढे आला. नियोजनकारांना तेथेही हाच हिशेब करावा लागेल : एका माणसाकडे, एका वेळी, किती विमाने?

हा हिशेब वर्गातही करून पाहता येईल. एका विद्यार्थ्याला नियंत्रक करा. चार विद्यार्थ्यांनी त्याला आपापली उंची आणि वेळ तोंडी सांगावी. त्याने पट्ट्या लिहून टक्कर टाळावी. मग विमाने आठ करा, नंतर बारा. पहिली चूक कोणत्या आकड्याला झाली, ते फळ्यावर लिहा. नंतर त्याच्या शेजारी एक मदतनीस बसवा आणि पुन्हा मोजा.