बदली खेळाडू

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

आमच्या जुन्या नाशकात चौक मंडईच्या बाजूला सायकल दुरुस्तीचं एक दुकान होतं. पंक्चर तपासायच्या पाण्याच्या घमेल्यावर, भिंतीतल्या खिळ्याला फुटबॉलच्या बुटांची एक जुनी जोडी टांगलेली असे. दुकानदाराला आम्ही मुलं चाचा म्हणायचो. चाचा पूर्वी मुंबईच्या एका कापड गिरणीत बदली कामगार होते. बदली म्हणजे सकाळी फाटकावर उभं राहायचं आणि कुणी गैरहजर असेल तर त्याच्या जागी आत जायचं. संध्याकाळी मात्र गिरणीच्या संघातून पुढच्या फळीत खेळायचं. ‘‘गिरणीत बदली, पण मैदानात कायम!’’ असं ते हसत सांगायचे. 18 जानेवारी 1982 रोजी गिरण्यांचा संप सुरू झाला. गिरणी गेली, तिच्याबरोबर संघही गेला आणि चाचा नाशकात येऊन सायकली दुरुस्त करू लागले.

फुटबॉलमधला पोटार्थी फॉरवर्ड म्हटलं की आपल्याला वाटतं, हा पैशामागे संघ बदलत फिरणारा माणूस. आज इथे, उद्या तिथे. पण आपल्याकडचा इतिहास पाहिला तर खेळाडूनं क्लब सोडण्याआधी क्लबानंच गाशा गुंडाळला, असं अनेकदा दिसतं.

मुंबईत ही रीत जुनीच. खेळाडूला पगार मिळायचा तो कारकून किंवा कामगार म्हणून. गोव्याचा नेव्हिल डिसूझा आठवा. 1 डिसेंबर 1956 रोजी मेलबर्न ऑलिम्पिकमध्ये त्यानं ऑस्ट्रेलियाविरुद्ध तीन गोल केले. ऑलिम्पिक फुटबॉलमध्ये हॅटट्रिक करणारा तो पहिला आशियाई खेळाडू. तो सामना आपण 4-2 असा जिंकला आणि त्या स्पर्धेत चौथे आलो. हाच नेव्हिल मुंबईत कॅलटेक्स या तेल कंपनीच्या संघातून खेळत असे. 1958 मध्ये कॅलटेक्सनं रोव्हर्स करंडक जिंकला. आज ना ती कंपनी भारतात त्या रूपात उरली, ना 1891 मध्ये सुरू झालेली रोव्हर्स स्पर्धा. महिंद्राचा संघ 1962 मधला. 2005-06 मध्ये तो राष्ट्रीय लीगचा विजेता ठरला आणि 2010 मध्ये बंद झाला. मुंबई एफसी 2007 मध्ये आला, 2017 मध्ये गेला.

आता आजच्या पिढीतला एक मराठी फॉरवर्ड घेऊ. अनिकेत जाधव. जन्म 13 जुलै 2000, गाव कोल्हापूर. तो पुण्याच्या क्रीडा प्रबोधिनीत शिकला आणि पुढे पुणे एफसीच्या अकादमीत गेला. ऑक्टोबर 2017 मध्ये सतरा वर्षांखालील विश्वचषक भारतात भरला, तेव्हा तो आपल्या संघाच्या आघाडीवर होता. अमेरिका, कोलंबिया, घाना, तिघांकडूनही आपण हरलो. पण फिफाच्या कुठल्याही विश्वचषकात भारतानं खेळण्याची ती पहिलीच वेळ. त्यानंतर इंडियन अ‍ॅरोज, मग जमशेदपूर, मग हैदराबाद. 2021-22 ची इंडियन सुपर लीग हैदराबादनं जिंकली, त्या संघात तो होता. पुढे उसनवारीवर ईस्ट बंगाल आणि नंतर ओडिशा. वयाच्या पंचविशीच्या आत एवढी गावं झाली. कधी सुरुवातीपासून मैदानात, तर कधी बाकावर बसून बदली म्हणून उतरण्याची वाट पाहत.

पण या क्लबांचं काय झालं, तेही पाहा. पुणे एफसी 2015 मध्ये संपला. इंडियन अ‍ॅरोज 2022 मध्ये बंद झाला. 2019 मध्ये एफसी पुणे सिटी बंद पडला, तेव्हा लीगमधल्या त्याच्या जागी हैदराबाद आला होता. आणि तो हैदराबादही 2025 मध्ये बिऱ्हाड उचलून दिल्लीला गेला, नावसुद्धा बदललं. आता सांगा, भटका कोण? खेळाडू की क्लब?

याला उलटं उदाहरणही अनिकेतच्याच गावात आहे. कोल्हापुरात पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, बालगोपाल या तालमींचे संघ पिढ्यान् पिढ्या खेळतात. शाहू स्टेडियमवर सामना असला की पेठाच्या पेठा लोटतात. नायजेरियाहून आलेले खेळाडूही तिथे तालमीचा शर्ट घालून खेळून गेले. हे संघ टिकले, कारण त्यांचा मालक पेठ आहे. ताळेबंदात तोटा दिसला म्हणून पेठ बंद करता येत नाही. पण तालमीच्या जिवावर खेळाडूचं घर चालणंही कठीण. पोटासाठी त्याला गाव सोडावंच लागतं. जिथे पगार आहे तिथे मुळं नाहीत आणि जिथे मुळं आहेत तिथे पगार नाही. आपल्या फॉरवर्डची सगळी धाव या दोन टोकांमधली आहे.

चाचांना मी एकदा विचारलं होतं, ‘‘चाचा, एकूण गोल किती मारले?’’ पाना हातात तसाच धरून ते बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, ‘‘बेटा, वही गिरणीच्या कचेरीत होती. कपाट भंगारात गेलं.’’

अनिकेतचे सामने, मिनिटं, गोल आज कुणीही क्षणात शोधून काढेल. त्याचे क्लब गेले तरी नोंद राहील. चाचांच्या गोलांची नोंद कुठेच नाही. दुकानही आता राहिलेलं नाही. मी कविता लिहिणारा माणूस, मला आकडे जमत नाहीत. पण त्या खिळ्यावर बुटांची जोडी होती आणि तिला दर शुक्रवारी तेल लागायचं, एवढी साक्ष मी देऊ शकतो. म्हणून आज इथे सांगितलं.