अब्दुल्ला इसाई

परधर्मीयांच्या मुलुखात एकट्याने जाणाऱ्या वाटसरूपुढे एक प्रश्न नेहमीच उभा असतो. आपले काय झाकावे आणि काय झाकू नये? बेंतो द गोइश या कॅथलिक प्रवाशाने सतराव्या शतकाच्या आरंभी या प्रश्नाला दिलेले उत्तर आपण सीमाभागातील माणसांनी समजून घेण्याजोगे आहे.

गोइश मूळचा अझोर बेटांवरचा. हिंदुस्थानात आला तो शिपाईगिरी करण्यासाठी. पुढे गोव्यात जेझुइट संघाचा धर्मबंधू झाला. १५९५ साली लाहोरला अकबराच्या दरबारी गेलेल्या जेझुइटांत तो होता. मार्को पोलोने वर्णिलेला ‘कॅथे’ देश कोणता, हा त्या काळचा मोठा वाद. त्या देशात ख्रिस्ती लोक राहतात, असे मुसलमान व्यापारी सांगत. उलट, पूर्वी गोव्यात शिकलेला मात्तेओ रिच्ची ‘कॅथे म्हणजे चीनच’ असे चीनमधून कळवीत होता. याची शहानिशा करण्यासाठी १६०२ च्या ऑक्टोबरात गोइश आग्र्याहून निघाला. अकबराने त्याला पत्रे व द्रव्य दिले.

चीनच्या सीमेपर्यंतची सारी वाट मुसलमानी राज्यांतून जात होती. गोइशने आर्मेनियन व्यापाऱ्याचा वेश घेतला, कारण हे व्यापारी आशियाभर फिरत आणि ते ख्रिस्ती आहेत हे सर्वांस ठाऊक असे. नाव घेतले ‘अब्दुल्ला’, म्हणजे ईश्वराचा सेवक, आणि त्यापुढे जोडले ‘इसाई’. पोर्तुगीजपण झाकले; धर्म मात्र नावातच सांगून टाकला!

लाहोरहून सुमारे पाचशे माणसांच्या काफिल्याबरोबर तो काबूलला पोहोचला. तेथे हजहून परतणारी काशगरच्या राजाची बहीण पैशाअभावी अडली होती. गोइशने तिला व्याज न घेता सहाशे मोहरा उसन्या दिल्या. पुढे खोतानला तिने त्या मौल्यवान यशम पाषाणाच्या रूपाने प्रामाणिकपणे फेडल्या.

पामीरची हिमवाट ओलांडून १६०३ च्या नोव्हेंबरात तो यारकंदला आला. तेथे एका माथेफिरूने त्याच्या छातीला तलवार लावून पैगंबराचे नाव घेण्यास फर्मावले. गोइशने शांतपणे नकार दिला. तेव्हा जमलेल्या मुसलमानांनीच मध्ये पडून त्या माणसाला हुसकून लावले. तलवार धरणारा आणि ती दूर सारणारे एकाच धर्माचे होते, ही गोष्ट इतिहास वाचताना आपण विसरू नये.

काराशहर येथे, म्हणजे तेव्हाच्या चालिस शहरात, तेथील अधिकाऱ्याने परवाना देताना विचारले, ‘ख्रिस्ती’ असे लिहावे काय? गोइश म्हणाला, अवश्य. याच नावाने इथवर आलो, याच नावाने शेवटपर्यंत जाईन. हे ऐकून एका वृद्ध मुल्लाने आपली टोपी काढून जमिनीवर टाकली आणि त्याच्या निष्ठेची वाखाणणी केली. आपले लोक मुलूख बदलला की धर्मही बदलतात, असेही तो खेदाने म्हणाला. याच शहरी पेकिंगहून परतणारे व्यापारी भेटले. ते रिच्चीला तेथे भेटले होते. कॅथे म्हणजे चीनच, याची गोइशला खात्री पटली.

१६०५ च्या अखेरीस तो चीनच्या वेशीवरील सू-चौला पोहोचला आणि तेथेच अडकला. रिच्चीने पाठवलेला चिनी धर्मबंधू १६०७ च्या मार्चअखेर आला, तोवर गोइश अंथरुणाला खिळला होता. ११ एप्रिलला तो वारला. सोबतच्या व्यापाऱ्यांनी त्याची मालमत्ता बळकावली. रोजनिशीत उधारीच्या नोंदी होत्या, म्हणून तीही फाडून टाकली. उरलेल्या चिटोऱ्यांवरून आणि सोबती इसाक याच्या आठवणींवरून रिच्चीने ही हकीकत लिहून ठेवली, म्हणून आज ती आपल्याला ठाऊक आहे.

इसाक हा आर्मेनियन, सबंध वाटेवर गोइशची साथ न सोडलेला. तो पेकिंग, मकाव असा फिरत, मध्ये डचांच्या हाती सापडून सुटत, अखेर हिंदुस्थानात परतला आणि आपल्या कोकणातील चौल बंदरी स्थायिक झाला.

वेश, बोली, खाणेपिणे यांत गोइशने यजमानांचा मान राखला. नाव विचारले तेव्हा खरे सांगितले. शेजाऱ्याची भाषा अंगणात आणि आपली माजघरात अशा घरांत आपण वाढलो. शेजाऱ्याची भाषा उत्तम बोलावी आणि आपली कोणती, असे विचारताच अडखळू नये, एवढे या वाटसरूकडून घेण्यासारखे आहे. असे सांगणाऱ्याचा मान परक्या मुलखातही राखला जातो, याला त्या वृद्ध मुल्लाची जमिनीवर पडलेली टोपी साक्ष आहे.