सोल्यांची आमटी आणि परंपरा

तुरीच्या ओल्या दाण्यांना नागपूरकडे सोले म्हणतात. हिवाळ्यात काही सोले भाजून भरड वाटायचे, उरलेले वांग्या-बटाट्यांसह शिजवायचे. वाटणाने आमटी दाट होते. या आमटीला आपण पारंपरिक म्हणतो. परंतु तूर आणि वांगे इथले असले, तरी मिरची आणि बटाटा मूळचे अमेरिकेतले. मिरची पोर्तुगिजांमार्फत १६व्या शतकात भारतात आली. मराठी पाककृती छापील ग्रंथात आल्या त्या १९व्या शतकात. रामचंद्र सखाराम गुप्ते यांचे 'सूपशास्त्र' १८७५चे. तत्पूर्वीच परक्या जिनसांना घरची चव देण्याचे काम स्वयंपाकघरांत सुरू झाले होते. आपली परंपरा जिनसांच्या शुद्धतेत नसून या सामावून घेण्यात आहे. ज्या स्त्रियांनी ती घडवली, त्यांची नावे मात्र इतिहासाने नोंदवली नाहीत.