सुईच्या अग्रावरील भूमी

सुईच्या अग्रावर राहील एवढीही भूमी पांडवांना देणार नाही, असे दुर्योधनाने निक्षून सांगितल्याचे आपण सारेच जाणतो. विसाव्या शतकाच्या मध्यास मात्र काही निराश्रितांना सुईच्याच आधाराने नवी भूमी लाभली. तो वृत्तांत श्रोत्यांनी ऐकण्याजोगा आहे.

१९४५ साली युरोपातील महायुद्ध संपले. पण छळछावण्यांतून जिवंत सुटलेल्या ज्यूंचे हाल संपले नाहीत. गावी परतावे, तर घरात दुसरेच कोणी नांदत होते. १९४६ च्या जुलैत पोलंडमधील किएल्त्से या गावी जमावाने चाळीसहून अधिक ज्यूंची हत्या केली, तेव्हा परतण्याची उरलीसुरली आशाही मावळली. जर्मनी, ऑस्ट्रिया व इटली येथील निर्वासितांच्या छावण्या भरून गेल्या.

कॅनडा हा विस्तीर्ण देश. परंतु त्याचे दार ज्यूंना जवळजवळ बंदच होते. १९३३ ते १९४५ या काळात तेथे पाच हजारांच्या आतच ज्यू निर्वासितांना प्रवेश मिळाला. १९३९ साली नऊशेंहून अधिक ज्यू उतारूंच्या 'सेंट लुई' जहाजालाही त्या देशाने आश्रय दिला नाही. १९१४ मध्ये व्हँकुव्हरच्या बंदरातून 'कोमागाता मारू'वरील आपल्या बांधवांना परत धाडणारा देशही हाच, हे येथे स्मरते.

युद्धोत्तर काळात खाणींना, जंगलांना आणि कारखान्यांना माणसे हवी होती. सरकार करुणेच्या विनंतीला दाद देत नव्हते. मनुष्यबळाची मागणी मात्र ऐकत होते. हे वर्म ज्यू पुढाऱ्यांनी अचूक हेरले. तयार कपड्यांच्या धंद्यात गिरणीमालक, दुकानदार नव्हे, तर कारखानदार व कामगार संघटना या दोन्ही पक्षांत ज्यू पुष्कळ होते. एरवी मजुरीच्या दरावरून भांडणारे हे दोन पक्ष येथे एक झाले आणि त्यांनी सरकारकडे शिंप्यांची मागणी केली. १९४७ साली योजनेस मंजुरी मिळाली. मॅक्स एन्किन हे कारखानदार आणि कामगार संघटनांचे प्रतिनिधी मिळून युरोपात गेले. सुमारे दोन हजार कारागीर निवडायचे होते. मात्र त्यांत ज्यू किती असावेत, यावर सरकारने मर्यादा घातली होती.

छावण्यांतून कसोट्या सुरू झाल्या. काही उमेदवार पिढीजात शिंपी होते. काहींनी केवळ जीव वाचावा म्हणून घाईघाईने सुई हाती धरली होती. परीक्षकांपुढचा पेच सोपा नव्हता. टाका वाकडा पडला म्हणून मनुष्य नाकारावा, तर त्याला पुन्हा छावणीत लोटावे लागे. स्वीकारावा, तर योजनेवरचा विश्वास धोक्यात येई. पुष्कळदा त्यांनी न्यायापेक्षा दयेलाच झुकते माप दिले.

१९४८ पासून हे लोक टोरांटो, मॉन्ट्रियल, विनिपेग या शहरांत स्थिरावू लागले. काहींनी पुढे स्वतःचे कारखाने काढले. ज्यांना शिवण नीट येत नव्हती, ते इतर व्यवसायांत गेले. 'सेंट लुई'च्या उतारूंना नाकारल्याबद्दल कॅनडाच्या पंतप्रधानांनी संसदेत क्षमा मागितली, ती २०१८ साली.

शासकीय सेवेत राहून मलाही अर्जांचे रकाने तपासावे लागतात. नियमावाचून राज्य चालत नाही, हे खरे. परंतु 'व्यवसाय' या रकान्यातील एका शब्दावर एखाद्या कुटुंबाचे जगणे अवलंबून असू शकते, याची जाणीव तपासणाऱ्याने ठेवली पाहिजे. त्या परीक्षकांनी ती ठेवली, म्हणून त्यांचे स्मरण करावयाचे.