पाटी फुटली की जुनी झाली?

आज बोलायचंय टॅबलेटबद्दल. डोकं दुखल्यावर घेतो ती गोळी नाही हं, गटाच्या बैठकीत जिच्यावर आपण बचत, कर्ज आणि परतफेड भरतो, ती काचेची पाटी.

टॅबलेट बंद पडला की वरून पहिला प्रश्न येतो, "ताई, तुम्ही काय केलंत?" काय झालं हे कोणी विचारत नाही, काय केलंत हे विचारतात. मग ती बाई आठवायला लागते. पोरानं पाडला असेल का, चुलीजवळ ठेवला होता का, ओल्या हातानं धरला होता का? खरं तर पुष्कळ वेळा तिनं काहीच केलेलं नसतं. टॅबलेटला दोन मरणं असतात. एक फुटण्याचं, ते डोळ्यांना दिसतं. दुसरं जुनं होण्याचं. काच धड, बटणं धड, चार्जिंगही होतं, पण ॲप उघडत नाही. हे दुसरं मरण दिसत नाही, म्हणून त्याचा दोषही वापरणारीच्याच नावावर टाकला जातो. टॅबलेटचा इतिहास वाचताना मला पानोपानी हेच दिसलं.

आपल्या आईच्या वेळची दगडी पाटी आठवा. तिला लाकडी चौकट असायची. पाटी पडली तर मार चौकटीनं खायचा, दगडानं नाही. चौकट निघाली की कोपरा उडालाच म्हणून समजा. पण त्या पाटीला जुनं होणं माहीत नव्हतं. थोरल्या बहिणीची पाटी धाकटीला चालायची आणि बाराखडीला नवी पाटी लागत नव्हती.

आता जरा बंगळूरला जाऊ. १९९९ मध्ये तिथल्या भारतीय विज्ञान संस्थेतले काही प्राध्यापक आणि एन्कोर सॉफ्टवेअर ही कंपनी यांनी मिळून सिम्प्युटर ट्रस्ट काढला. हातात मावणारा, साध्या माणसाला परवडणारा संगणक त्यांना करायचा होता. २००१ मध्ये त्याचा नमुना तयार झाला. लिहिता-वाचता न येणाऱ्यालाही वापरता यावा म्हणून तो भारतीय भाषांत बोलून दाखवायचा. रिमोटमध्ये घालतो तसल्या तीन बारीक सेलवर चालायचा, म्हणजे सेल संपला तर गावातल्या किराणा दुकानात मिळेल. आणि मला सगळ्यात आवडलेली गोष्ट, त्याला स्मार्टकार्डाची खाच होती. यंत्र गावात एक, पण कार्ड ज्याचं त्याचं. आपलं कार्ड घातलं की आपली माहिती, काढलं की पुढचीचा नंबर. बचत गटाचीच रीत की ही! २००४ मध्ये तो दहा हजार रुपयांच्या आसपास बाजारात आला, पण विक्री काही हजारांच्या पुढे गेली नाही. तोवर मोबाईल फोन स्वस्त होत चालले होते. यंत्र एकेकाचं झालं आणि सगळ्यांनी मिळून एक सांभाळायची कल्पना मागे पडली.

'इंटरनेट टॅबलेट' हे नाव लोकांच्या तोंडी आणलं ते फिनलंडच्या नोकिया कंपनीनं. २००५ च्या शेवटी तिनं नोकिया ७७० विकायला काढला. त्याच्यावरून फोनचं सिमकार्ड घालून बोलता येत नव्हतं, फक्त इंटरनेट. पडदा जेमतेम चार इंचाचा. पण त्याचं झाकण पाहण्यासारखं होतं. धातूचं टणक झाकण, पिशवीत टाकताना पडद्यावर सरकवायचं, वापरताना काढून पाठीला लावायचं. म्हणजे पाटीची चौकट त्यांनाही सुचली होती. वेगळं कव्हर विकत घ्यायची गरजच नाही. आजच्या कंपन्या काच नाजूक देतात आणि कव्हरचे पैसे वेगळे घेतात, ते पाहिलं की मला हे झाकण आठवतं.

पडण्यापासून एवढं जपलं, पण जुनं होण्यापासून? जानेवारी २००७ मध्ये, म्हणजे सव्वा वर्षाच्या आत, नोकियानं एन८०० हा पुढचा टॅबलेट आणला. ७७० मध्ये ६४ एमबी रॅम होती, याच्यात १२८. रॅम म्हणजे कामाचा ओटा समजा. ओटा लहान असेल तर एका वेळी चार भांडी मांडता येत नाहीत. नव्या टॅबलेटबरोबर नवी सिस्टिम आली, ती ७७० साठी कंपनीनं रीतसर दिलीच नाही. ज्यांना हवी त्यांच्यासाठी 'हॅकर एडिशन' नावाची एक आवृत्ती निघाली, तुमच्या जबाबदारीवर घाला असली. ती घालायची तर टॅबलेट वायरीनं संगणकाला जोडायचा आणि जुनी सिस्टिम पुसून नवी चढवायची. त्यात आतलं सगळंच पुसलं जायचं, म्हणून आधी नकल काढून कार्डावर ठेवायची. मध्येच चार्जिंग संपलं तर यंत्र सुरू न होण्याची भीती. हौशी, जाणकार लोकांनी ते केलं. बाकीच्यांच्या हातात झाकण शाबूत असलेलं, पण पुढचं काही न मिळणारं यंत्र राहिलं. काच मात्र कोणाची फुटली नव्हती.

आपल्याकडे रायगड जिल्ह्यात, कर्जत तालुक्यातल्या खैराट गावच्या लहानशा शाळेत २००७ मध्ये मुलांना छोटे हिरवे-पांढरे संगणक मिळाले. 'वन लॅपटॉप पर चाइल्ड' या अमेरिकेतून निघालेल्या संस्थेचे. पडदा फिरवून पाडला की त्याची पाटी व्हायची. करणाऱ्यांनी धूळ आणि पाणी यांचा विचार केला होता. बटणांवर सलग रबर, म्हणजे फटीतून ओल आत जायला नको. अँटेना खाली केल्या की बाजूच्या खाचा झाकायच्या. आणि हँडलमध्ये जादा स्क्रू ठेवलेले, हरवला तर तिथलाच काढून लावा! ज्यानं कोणी हे ठरवलं, त्याच्या घरी दुरुस्ती करणारं माणूस नक्की असणार.

मग आला आकाश. ५ ऑक्टोबर २०११ ला दिल्लीत कपिल सिब्बल यांनी तो जगाला दाखवला. विद्यार्थ्यांसाठी जगातला सगळ्यात स्वस्त टॅबलेट म्हणून केवढी चर्चा झाली! सात इंचाचा पडदा, २५६ एमबी रॅम, अँड्रॉइड २.२. आता तारीख लक्षात ठेवा. त्याच महिन्यात १९ तारखेला गुगलनं अँड्रॉइड ४.० जाहीर केलं. म्हणजे आकाश जन्मला तोच मागे पडलेला. पडदाही दाबाचा होता, बोट टेकवून भागत नसे, नखानं किंवा काडीनं दाबावं लागे. बॅटरी तीनेक तासांची. पुढे टॅबलेटनं किती मार सोसावा यावरून कंपनी आणि आयआयटी राजस्थान यांच्यात वाद झाला. कंपनीचं म्हणणं होतं की, आमच्याकडून लष्करी सामानाच्या कसोट्या मागतात, पावसाच्यासुद्धा. मला विचाराल तर पाऊस मागणं काही चूक नव्हतं. शाळेची वाट पावसातूनच जाते. पण एवढ्या स्वस्तात ते द्यायचं कुठून, हा हिशेब आधी बसून करायला हवा होता.

नंतर काम आयआयटी मुंबईकडे आलं. प्राध्यापक दीपक फाटक यांच्या पुढाकारानं आकाश-२ झाला आणि ११ नोव्हेंबर २०१२ ला राष्ट्रपती प्रणव मुखर्जी यांच्या हस्ते निघाला. रॅम दुप्पट, अँड्रॉइड ४.०, पडदा नुसत्या बोटानं चालणारा. सुधारणा खरीच होती. पण ती नव्या यंत्रात झाली. पहिलं ज्यांनी हौसेनं घेतलं त्यांच्या यंत्रात अर्धा ओटा वाढवून मिळणार नव्हता, रॅम आतच डाग देऊन बसवलेली असते.

आता आपल्या गल्लीतली गोष्ट. २०१९ मध्ये पोषण अभियानात राज्यातल्या अंगणवाडी सेविकांना मोबाईल मिळाले. रॅम २ जीबी. तेव्हाच्या ॲपला ते कसंबसं पुरायचं. १ मार्च २०२१ ला केंद्र सरकारनं जुनं ॲप बाजूला ठेवून 'पोषण ट्रॅकर' आणलं. फोन तोच, काम मात्र वाढलं. ॲप इंग्रजीत, फोन तापायचा, अडकायचा, माहिती भरता भरता बंद व्हायचा. वॉरंटी संपत आलेली, आणि दुरुस्तीचा खर्च सेविकांच्या मानधनातून. वजन घेतलेलं असायचं, खाऊ वाटलेला असायचा, पण नोंद नाही म्हणजे काम नाही! ऑगस्ट २०२१ मध्ये सेविकांनी ते फोन प्रकल्प कार्यालयात नेऊन परत केले. फोन नको म्हणून नाही, चालणारा द्या म्हणून. राज्यात लाखभर सेविका आहेत. हजारोंच्या हातून एकाच वेळी फोन खराब होतात का? हे एवढं साधं गणित त्यांनी टेबलावर मांडून दाखवलं. फेब्रुवारी २०२३ च्या संपातसुद्धा नव्या मोबाईलची मागणी होतीच. टॅबलेट-मोबाईलच्या इतिहासात मी या बायांना सिम्प्युटरवाल्या प्राध्यापकांच्या शेजारी बसवीन. फुटलेलं वेगळं आणि जुनं झालेलं वेगळं, हे त्यांनी चारचौघांत म्हणून दाखवलं.

आपल्या गटांनाही हे लागू आहे. नाबार्डनं १५ मार्च २०१५ ला ई-शक्ती प्रकल्प सुरू केला, तो झारखंडातल्या रामगढ आणि आपल्या धुळे जिल्ह्यातून. तेव्हापासून गटाचे हिशेब वहीतून पडद्यावर जाऊ लागले. बँक कर्ज देताना त्या नोंदी बघते. म्हणजे टॅबलेट अडकला तर नुसतं यंत्र अडकत नाही, कोणाचं तरी शेळीचं कर्ज अडकतं.

म्हणून आमच्या प्रभागात टॅबलेट ताब्यात घेताना सही करण्याआधी रजिस्टरमध्ये काही गोष्टी लिहून घेतो. अँड्रॉइड कितवं, रॅम किती, शेवटचं अपडेट कोणत्या तारखेचं, अपडेट कधीपर्यंत येणार, वॉरंटी कधी संपते, बॅटरी बदलायची झाली तर पैसे कोण देणार. आधीचा ओरखडा असेल तर तोही, शिवाय पडद्याचा फोटो. कव्हर आणि काचेवरची फिल्म पहिल्याच दिवशी, खरेदीच्याच पैशातून. कोपऱ्यांना जाड रबर असलेलं कव्हर घ्या, आधी कोपराच आपटतो. नुसतं चकचकीत प्लास्टिक काही कामाचं नाही.

अपडेट टाकताना चार्जिंग अर्ध्याच्या वर हवं आणि आत जागा रिकामी हवी. लग्नाचे व्हिडिओ आधी काढा बाई! भरलेल्या नोंदी सर्व्हरला गेल्या का ते पाहा, मगच बटण दाबा. गाडीच्या डिकीत उन्हात टॅबलेट ठेवू नका, उष्णतेनं बॅटरी लवकर म्हातारी होते. पाठ फुगलेली दिसली तर चार्जिंगला लावायचाच नाही, दाबून बसवायचा तर मुळीच नाही, सरळ दुकानात. भिजला तर आधी बंद करा, पुसा, आणि दुरुस्तीवाल्याकडे न्या. तांदळाच्या डब्यात घातल्यानं आतली ओल जातेच असं नाही, पीठ मात्र खाचेत जातं.

रजिस्टरला शेवटचा रकाना आहे शेऱ्याचा. तिथे दोनच शब्दांतला एक लिहायचा, 'फुटला' किंवा 'जुना झाला'. फुटला तर गट बसून बघतो कसा फुटला ते. जुना झाला तर वापरणारीला काही विचारायचं नाही, पत्र थेट वरच्या कार्यालयाला जातं, अँड्रॉइडच्या आकड्यासकट. या वर्षी आतापर्यंत पाच शेरे पडले. त्यातला फुटलेला एक.