गवळाऊचा खोंड आणि त्याची माय

नागपुरात आमच्या प्रताप नगराकडे आता बैलगाडी क्वचितच दिसते. पण वर्धा जिल्ह्यात आर्वी, आष्टी, कारंजा या बाजूला गेलात, तर पांढऱ्या रंगाची, लांबट तोंडाची, सडसडीत बांध्याची गवळाऊ गाय अजून भेटते. मराठ्यांच्या फौजांचे सामान डोंगराळ मुलखातून झपाट्याने नेता यावे, म्हणून ही जात घडत गेली असे जाणकार मानतात. म्हणजे पसंती होती ती बैलाच्या चालीला. गाईला कोणी फारसे विचारले नाही.

आता गंमत बघा. खोंड निवडला की त्याच्या रक्तातून त्याच्या मुलीही निवडल्या जातात. एक गुण वाढवताना दुसरा आपोआप वाढतो किंवा घटतो. ही ओढ आकड्यांत धरून निवड कशी करावी, हे 1943 साली हेझेल या अमेरिकन शास्त्रज्ञाने मांडले.

याची मोठी परीक्षा झाली ती दूर ब्राझीलमध्ये. गवळाऊशी चेहरामोहरा जुळणारी आंध्रातली ओंगोल गुरे एकोणिसाव्या शतकापासून तिकडे गेली. शेवटची मोठी खेप 1960 च्या दशकाच्या आरंभी. तिथे त्यांना ‘नेलोर’ म्हणतात, आणि ती पाळतात मांसासाठी. आपल्याकडे हा हेतू नव्हता, पण प्रश्न आपल्याही कामाचा आहे. लवकर गाभण राहणाऱ्या कालवडी निवडत गेलो, तर मांस बिघडेल काय? तिथल्या अभ्यासांत बहुधा असे दिसले की, लवकर वयात येणाऱ्या वाणात पाठीवरची चरबीही थोडी लवकर धरते. मांसाच्या मऊपणाशी मात्र नाते फिकेच. वळूच्या वृषणाचा घेर मोजून त्याच्या मुली केव्हा माजावर येतील याचा अंदाजही बांधतात. बापाकडे पाहून लेकीचे भाकीत, असा हा प्रकार!

पण एक गोष्ट विसरू नका. मांसाचे गुण पुष्कळसे रक्तातून उतरतात, तर वेळेवर गाभण राहणे फारच थोडे. उपाशी कालवड कोणत्याही वाणाची असो, ती वेळेवर माजावर येत नाही. उन्हाळ्यात कडब्याची पेंढी संपली, की वाण काय करील?

1941 साली वर्ध्याला गोसेवा संघ निघाला. जमनालालजी बजाज त्यात पडले. गांधीजींचा आग्रह असा, की एकाच गाईने दूधही द्यावे आणि चांगला बैलही द्यावा. हे बोलायला सोपे. पण त्यासाठी दोन्ही गुणांची नोंद हवी. गोठ्यात नोंद असते ती बहुधा दुधाची, तीही तोंडी. बैलाचा दाम मात्र सर्वांच्या लक्षात राहतो.

आज ट्रॅक्टर आला, बैलाची मागणी घटली, आणि चालीसाठी घडवलेली ही जात अडचणीत आली. तरी शंकरपटात धावणाऱ्या जोडीकडे लोक अजून मान वळवून पाहतातच. तेव्हा वळू पाहायला जाल तर खांदा जरूर चाचपा, पण मालकाला एवढेही विचारा : याची माय पहिल्यांदा व्याली कितव्या वर्षी, आणि पुढचे वेत किती महिन्यांनी झाले? शाळामास्तरांनी मुलांकडून गावातल्या दहा गाईंची ही माहिती एका वहीत लिहवून घेतली, तर वळू निवडणाऱ्याला ती वही उपयोगी पडेल.